प्रकल्प नोंदी : बीजप्रक्रिया केंद्र आणि अवजारे बँकेचं माहिती-संकेतस्थळ, आपल्याच सर्व्हरवर

ठिकाण : दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ. शेतकरी उत्पादक कंपनीचं आवार : कार्यालय, बीजप्रक्रिया शेड, गोदाम.

२ मे

ग्रेडरवर (बियाणं चाळून प्रतवारी करणाऱ्या यंत्रावर) कोणत्या बियाण्याला कोणती चाळणी, पेरणीयंत्राची सेटिंग, उगवण चाचणीची पद्धत, अवजारं भाड्याने देतानाची तपासणी हे सगळं आज वह्यांत, भिंतीवरच्या तक्त्यांत आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोंत आहे. ते एका जागी आणायचं. अटी तीन. इंटरनेट बंद असलं तरी आवारातल्या कोणत्याही फोनवर पान उघडलं पाहिजे. लिहिणाऱ्याला कोड शिकावा लागू नये. आणि छापलेल्या पानावरची मराठी शुद्ध असली पाहिजे, कारण यंत्राजवळ तेलकट हाताने फोन कोणी धरत नाही, तिथे कागदच चालतो. मुदत मृगापर्यंत. पेरण्या लागल्या की कोणाला मान वर करायला फुरसत नसते.

पाहिलेले पर्याय, म्हणजे अशी पानं लिहून ठेवायची सॉफ्टवेअर : डोकुविकीला डेटाबेस लागत नाही, पानं साध्या मजकुराच्या फायलींत राहतात, फोल्डर उचललं की बॅकअप झाला. इतकी सोय दुसऱ्या कशात नाही. पण तिची खुणांची भाषा गोदामपालाला शिकवायची म्हणजे पान लिहायचंच राहील. एमकेडॉक्सवर दर बदलाला साइट नव्याने तयार करावी लागते. बुकस्टॅकची मांडणी कपाट, पुस्तक, प्रकरण, पान अशी, म्हणजे कार्यालयातल्या फायलींसारखीच, आणि संपादक वर्डसारखा. पीएचपी भाषा आणि मारियाडीबी या डेटाबेसवर चालतं, परवाना एमआयटी, म्हणजे मुक्त वापराचा. बुकस्टॅक ठरलं.

३ मे

यंत्र : वापरलेला मिनी पीसी, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. रास्पबेरी पाय ४ हाताशी होता, पण घेतला नाही. एसडी कार्डावर डेटाबेस आणि वरून दिवसातून चार वेळा जाणारी लाइन, हे जमत नाही. लिहिणं चालू असताना वीज गेली की कार्डाची फाइल सिस्टिम बिघडते. शिवाय पाय ४ ला बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज आली पण इंटरनेट नाही, अशा वेळी तो जुनीच वेळ धरून बसतो.

डेबियन १२ (लिनक्स) टाकलं, ग्राफिकल डेस्कटॉप न घेता. डॉकर, म्हणजे प्रत्येक प्रोग्राम आपापल्या बंद डब्यात (कंटेनर) चालवणारी सोय, आणि डॉकर कंपोज, म्हणजे ते डबे एका फाइलीवरून उभे करणारी. आवाराचं नेटवर्क १९२.१६८.१.० वरून १९२.१६८.५७.० वर नेलं. हे आत्ताच करायचं, नंतर नाही. बरेच घरगुती राउटर ‘१’च्या मालिकेत असतात, उद्या घरून खाजगी बोगद्यातून (व्हीपीएन) जोडायचं झालं तर दोन्हीकडे एकच मालिका आली की वाहतूक घरातच घुटमळते. सर्व्हरचा पत्ता राउटरमध्ये मॅक पत्त्यावर (नेटवर्क कार्डाच्या ठरलेल्या क्रमांकावर) पक्का बांधला : १९२.१६८.५७.१०.

५ मे

बसवणी. लिनक्ससर्व्हर या गटाची बुकस्टॅक इमेज (कंटेनरचा तयार साचा) आणि मारियाडीबीची अधिकृत इमेज, दोन्ही आवृत्ती क्रमांकासह. ‘लेटेस्ट’ लिहिलं नाही. आवृत्ती बदलताना बुकस्टॅक डेटाबेसच्या तक्त्यांची रचनाही बदलतं आणि मागे यायचं तर बॅकअपशिवाय रस्ता नाही. तो बदल आपण ठरवू त्या दिवशी व्हावा.

भरावी लागणारी मूल्यं : ‘ॲप यूआरएल’ (साइटचा पत्ता), ‘ॲप की’ (गुप्त किल्ली), डेटाबेसचा होस्ट, नाव, वापरकर्ता, पासवर्ड, टाइमझोन एशिया/कोलकाता. ‘ॲप की’ इमेजमधल्याच ‘ॲपकी’ आदेशाने तयार होते, सुरुवात ‘बेस६४’ने. ती कागदावर उतरवून तिजोरीत ठेवली. नेटवरच्या जुन्या मार्गदर्शिकांत डेटाबेसची मूल्यं ‘डीबी यूजर’, ‘डीबी पास’ अशा नावांनी आहेत. आताच्या इमेजला ‘डीबी यूजरनेम’, ‘डीबी पासवर्ड’ लागतात. जुनी नावं दिली तर कंटेनर उठतो, पान मात्र उघडत नाही.

कंटेनरच्या नोंदींवर मर्यादा घातली : १० एमबीच्या तीन फायली. ही ओळ राहिली तर नोंदी वाढत जाऊन डिस्क भरू शकते आणि त्याचा मार डेटाबेसला बसतो.

पहिला प्रवेश ठरलेल्या ॲडमिन ईमेलने आणि ‘पासवर्ड’ या पासवर्डने होतो. तो त्याच मिनिटाला बदलला.

६ मे

सकाळी ‘ॲक्सेस डिनाइड’. काल संध्याकाळी कंपोज फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड बदलून कंटेनर पुन्हा उभे केले होते. मारियाडीबीची इमेज ही मूल्यं फक्त पहिल्यांदा, रिकामं व्हॉल्यूम (डेटा साठवायची जागा) सापडलं तरच वापरते. व्हॉल्यूम एकदा भरलं की आत जुनाच पासवर्ड राहतो, फाइलमध्ये काहीही लिहा. मजकूर नव्हता म्हणून व्हॉल्यूम पुसून नव्याने केलं. मजकूर असता तर आत जाऊन ‘ऑल्टर यूजर’ने पासवर्ड बदलायचा; व्हॉल्यूमला हात लावायचा नाही.

९ मे

पत्ता आणि सर्टिफिकेट. आधी नुसता आयपी ठेवून पाहिला, पण ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ म्हणून सांगतो आणि ते वाचून माणूस पासवर्ड टाकायला बिचकतो. ‘डॉट लोकल’ नावं जुन्या अँड्रॉइडवर उघडत नाहीत. म्हणून कंपनीच्या डोमेनचं एक उपनाव घेऊन त्याची ए-नोंद (नावाचा आयपी पत्ता सांगणारी डीएनएस नोंद) थेट १९२.१६८.५७.१० वर टाकली.

राउटरने लगेच खोडा घातला. सार्वजनिक नावाचं उत्तर खाजगी आयपी आलं तर बरेच राउटर ते गाळतात. डीएनएस रिबाइंड, म्हणजे बाहेरच्या नावाआडून आतल्या यंत्रांवर होणारा हल्ला, यापासून बचाव म्हणून ते योग्यच आहे. आपल्याला इंटरनेट तुटल्यावरही नाव उलगडायला हवं, म्हणून सर्व्हरवरच डीएनएसमास्क (नावांचे पत्ते सांगणारा छोटा प्रोग्राम) बसवलं आणि राउटरच्या डीएचसीपीत (फोनना पत्ते वाटणाऱ्या सेवेत) डीएनएस म्हणून फक्त ५७.१० दिलं. दुसरा, बाहेरचा डीएनएस मुद्दाम दिला नाही : फोन कधी याला विचारतो कधी त्याला, मग साइट कधी उघडते कधी नाही आणि कारण सापडत नाही. किंमत अशी की सर्व्हर बंद असला तर कार्यालयाचं इंटरनेटही अडतं. ती मान्य केली. त्या वेळी राउटरमध्ये डीएनएस कसा बदलायचा याची चिठ्ठी राउटरशेजारी चिकटवली.

एका फोनवर तरीही उघडेना. सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ला कोणीतरी बाहेरचं नाव भरून ठेवलं होतं. ‘आपोआप’वर ठेवलं की चालतं.

सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं, डीएनएस पद्धतीने. या पद्धतीत सर्व्हर बाहेरून दिसावा लागत नाही, डोमेनमध्ये टीएक्सटी नोंद करता आली की पुरे. मुदत ९० दिवस, ३० दिवस उरले की नूतनीकरण सुरू होतं. म्हणजे इंटरनेट महिनाभर तुटलं तरी निभावतं. बुकस्टॅकच्या पुढे कॅडी (ब्राउझरला सर्टिफिकेट दाखवणारा वेब सर्व्हर) ठेवला आहे. नवी फाइल आली तरी चालू कॅडी जुनंच सर्टिफिकेट दाखवत राहतो, म्हणून नूतनीकरणानंतर तो कंटेनर आपोआप रीस्टार्ट करायचा हुक लावला.

घरून लिहिणाऱ्या दोघांसाठी : राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला, म्हणजे सेवादाराचा सामाईक पत्ता. पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून आत थेट वाट उघडण्यावर) वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. टेलस्केल हा खाजगी बोगदा टाकून फक्त ५७.१० या एका पत्त्याचा मार्ग जाहीर केला.

१२ मे

वीज. लाइन गेली की मिनी पीसी रीस्टार्ट होतो, इन्व्हर्टर असूनही. इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘वाइड’वर होतं, त्या अवस्थेत बॅटरीवर जायला जो क्षण लागतो तेवढ्यात पीसी मरतो. ‘यूपीएस’वर केलं. दिवसभर एकदाही रीस्टार्ट नाही.

संध्याकाळी दुसरंच निघालं. सातनंतर गावात कूलर सुरू झाले, मल्टिमीटरवर १७० ते १७५ व्होल्ट. ‘यूपीएस’ अवस्थेत इन्व्हर्टर एवढा कमी दाब घेतच नाही, लाइन असूनही बॅटरीवर जातो. रात्री साडेदहाला बॅटरी संपली आणि खरी लाइन गेली तेव्हा पंखेही बंद. बटण परत ‘वाइड’वर नेलं आणि इन्व्हर्टर व पीसी यांच्यामध्ये ६०० व्हीएचा छोटा यूपीएस बसवला. तो फक्त बदलीचा क्षण सांभाळतो, पुढचे तास इन्व्हर्टर. राउटर आणि फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस वेगळा.

१४ मे

रात्रीच्या साडेनऊ तासांच्या खंडात यूपीएस, इन्व्हर्टर सगळं संपलं. सकाळी लाइन आली, राउटर उठला, पीसी नाही. बायॉसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज परतल्यावर सुरू हो’ हे ३ मेलाच ठेवलं होतं. उघडून पाहिलं तर ते परत ‘बंद राहा’वर आणि बायॉसची तारीख कित्येक वर्षं मागे. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल काढून मोजला : २.३ व्होल्ट, नवा ३ च्या वर दाखवतो. पीसीला वीज आहे तोवर सेटिंग टिकतं आणि वीज पूर्ण गेली की पुसतं, म्हणूनच दहा दिवस हे कळलं नाही. तारीख मागे गेली की ‘एपीटी’ला (डेबियनच्या अपडेट आणणाऱ्या साधनाला) सॉफ्टवेअरचं भांडार जुळत नाही आणि बॅकअपच्या फायलींची नावंही चुकतात.

नवा सेल घातला, सेटिंग पुन्हा केलं, भिंतीवरचा प्लग दहा मिनिटं काढून लावला. आपोआप उठला. जुना पीसी घेतला की पहिल्या दिवशीच सेल बदलावा, किंमत चहा-नाश्त्याएवढी.

झाकण उघडलंच होतं म्हणून पंखाही साफ केला. सोयाबीनचं भुसकट पात्यांवर नमद्यासारखं बसलेलं. टिनाच्या छपराखाली वरच्या फळीवर प्रोसेसर ८४ अंशांवर होता. खालच्या फळीवर, भिंतीपासून वीतभर पुढे आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीपासून लांब ठेवल्यावर दुपारी ६८.

१७ ते १९ मे

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो गेला हे बरं झालं.

‘सोयाबीन उगवण चाचणी’ हे पान पीडीएफ केलं. सगळीकडे रिकामे चौकोन. बुकस्टॅक पीडीएफसाठी मुळात डॉमपीडीएफ हा प्रोग्राम वापरतं आणि निर्यातीचा फाँट डेजाव्हू, त्यात देवनागरी नाही. नोटो देवनागरी दिला तेव्हा अक्षरं आली, पण अशी : ‘बियाणे’मधली वेलांटी ‘ब’च्या आधी न बसता नंतर, ‘य’ला चिकटून. ‘प्रक्रिया’मधले ‘प’ आणि ‘र’ सुटे, मध्ये पाय मोडल्याची खूण. ‘वर्षी’चा रफार ‘र’ होऊन ओळीत उभा.

कारण फाँट नाही. युनिकोडमध्ये ‘बि’ साठवताना आधी ‘ब’ येतो, मग वेलांटी. ती पडद्यावर ‘ब’च्या डावीकडे नेणं, ‘प’ आणि ‘र’ जोडून ‘प्र’ करणं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणं हे काम अक्षरजुळणीच्या इंजिनाचं, ब्राउझरमध्ये बहुधा हार्फबझचं. डॉमपीडीएफमध्ये ते इंजिन नाही. तो साठवणीच्या क्रमानेच अक्षरं मांडत जातो. त्यामुळे फाँट कितीही बदला, उपयोग नाही.

उपाय वीझीप्रिंट, हाही पीडीएफ बनवणाराच प्रोग्राम. तो मजकूर मांडायला पँगो वापरतो आणि पँगोच्या पोटात हार्फबझ आहे. बुकस्टॅकच्या २४.०५ आवृत्तीपासून ‘एक्स्पोर्ट पीडीएफ कमांड’ या मूल्यात बाहेरचा आदेश देता येतो : वीझीप्रिंट, मग आत येणाऱ्या एचटीएमएल फायलीची जागा, मग बाहेर जाणाऱ्या पीडीएफची जागा. वीझीप्रिंट मूळ इमेजमध्ये नाही. चालू कंटेनरमध्ये शिरून टाकलं तर पुढच्या अपडेटला नाहीसं होतं आणि दर वेळी नव्याने डाउनलोड करायला लावलं तर इंटरनेट नसताना अडतं. म्हणून छोटी डॉकरफाइल (इमेज बनवायची कृती) लिहून त्याच इमेजवर वीझीप्रिंट आणि नोटो देवनागरी चढवलेली आपली इमेज बनवली. फाँटचं नाव बुकस्टॅकच्या ‘कस्टम हेड’ या सेटिंगमधल्या स्टाइलमध्ये दिलं, ते निर्यातीलाही लागू होतं.

वेलांट्या, जोडाक्षरं, रफार सगळे जागच्या जागी. तपासायला एक ओळ पान म्हणून कायम ठेवली आहे : ‘बियाणे प्रक्रिया, वर्षी, शेतकऱ्यांनी, र्हास-ऱ्हास, क्विंटल, ज्ञान, द्विदल’. इमेज बदलली की हे पान आधी छापायचं.

एक अडचण उरली. ग्रेडरच्या देखभालीच्या पानाची पीडीएफ अर्धवट सुटायची. त्यात फोनवरचे १४ फोटो, प्रत्येक ४-५ एमबी. निर्यातीला मिळणारा वेळ मुळात १५ सेकंद. तो ६० केला, आणि फोटो चढवण्याआधी लांब बाजू १६०० पिक्सेलवर आणायची सवय लावली. दुसरं केलं नसतं तर पहिल्याचा उपयोग तात्पुरताच होता.

२२ मे

जुना मजकूर. टाइप केलेली माहितीपत्रकं कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये. तिथे ‘क’ दिसतो पण फायलीत तो इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसलेला असतो, त्यामुळे साइटवर चिकटवलं की नुसता गोंधळ. रूपांतरकाने बराच भाग निघतो. चुका ठरलेल्या जागी होतात : वेलांटी आणि रफार एकत्र आले की, जसं ‘निर्मिती’, ‘आर्थिक’. शिवाय मात्रांचे आकडे. ‘३ ग्रॅम प्रति किलो’चा आकडा रूपांतरात सरकला तर बीजप्रक्रियेत नुकसान होईल, म्हणून आकडा असलेली प्रत्येक ओळ मूळ कागदाशी एकाने वाचून दुसऱ्याने ताडली. ६२ पानं झाली, १८ बाकी.

२५ मे

शोध. बुकस्टॅकचा शोध शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतो. मराठीला हे एका अंगाने फार सोयीचं, कारण आपले प्रत्यय शेवटी लागतात. ‘बियाण’ एवढंच टाकलं की बियाणे, बियाण्याची, बियाण्यांना सगळं येतं. पूर्ण ‘बियाणे’ टाकलं तर ‘बियाण्याची’ सुटतं. तेव्हा शोधताना शेपूट तोडायचं, हे पहिल्याच पानावर लिहिलं.

दुसऱ्या अंगाने अडतं. ‘तूर’ शोधलं तर ‘तुरीला’ येत नाही, ऊकार ऱ्हस्व झाला. ‘कपाशी’ असं पानावर लिहिलं आणि शोधणारा ‘पऱ्हाटी’ टाकतो. ‘कोळपणी’ म्हणतो कागद, गाव म्हणतं ‘डवरणी’. यासाठी प्रत्येक पानाला टॅग : तूर-तुरी, कपाशी-पऱ्हाटी, कोळपणी-डवरणी, शेत-वावर. टॅगही शोधात धरले जातात. शब्दांची यादी कार्यालयात बसून केली नाही. बीजप्रक्रिया शेडमध्ये लोक काय म्हणतात ते दोन दिवस ऐकून वहीत लिहिलं. पानांच्या मजकुरापेक्षा ही यादी जास्त कामाची ठरेल.

‘ऱ्या’ दोन तऱ्हेने टाइप होतो : एक ‘ऱ’ घेऊन, दुसरा ‘र’ला पाय मोडून अदृश्य जोडखूण घालून. दिसायला एक, साठवणीत दोन. लिहिणाऱ्या सगळ्यांच्या फोनवर एकच कीबोर्ड ठरवला.

२८ मे

बॅकअप. रोज रात्री दोनला डेटाबेसचा डंप (पूर्ण नक्कल), सोबत चित्रं आणि जोडफायलींची दोन्ही फोल्डरं आणि एन्व्ह (सेटिंगच्या मूल्यांची) फाइल. मारियाडीबीच्या ११ पासूनच्या इमेजमध्ये ‘मायएसक्यूएलडंप’ हे नाव नाही, ‘मारियाडीबी-डंप’ आहे. जुनी स्क्रिप्ट तशीच ठेवली तर शून्य बाइटची फाइल रोज इमानाने तयार होते. म्हणून फाइल १०० केबीपेक्षा लहान निघाली की स्क्रिप्ट थांबून चूक नोंदवते.

दोन पेन ड्राइव्ह, दर सोमवारी अदलाबदल, एक आवाराबाहेर.

परत उभं करून पाहिलं, वेगळ्या लॅपटॉपवर : डंप भरला, फोल्डरं ठेवली, तीच ‘ॲप की’ दिली, मायग्रेट (तक्त्यांची रचना आवृत्तीशी जुळवणारा आदेश) आणि कॅशे साफ. ४० मिनिटं. चित्रं आली नाहीत, कारण त्यांचे दुवे पानांत पूर्ण पत्त्यासह साठवलेले असतात आणि लॅपटॉपचा पत्ता वेगळा. ‘अपडेट-यूआरएल’ आदेशाला जुना आणि नवा पत्ता दिला, आली. बॅकअपच्या फोल्डरात ही कृती साध्या मजकूर फायलीत ठेवली. साइट बंद असताना साइटवरचं मार्गदर्शन कोण वाचणार.

१ जून

गोदाम कार्यालयापासून ७० मीटर. तांब्याची कॅट ६ केबल अंतरात बसते, १०० मीटरपर्यंत चालते, पण दोन इमारतींमध्ये उघड्यावरून ओढली नाही. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि तो त्या तारेतून दोन्ही टोकांची उपकरणं जाळतो. केबलवाले वापरतात ती ड्रॉप फायबर ९० मीटर, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा). ड्रॉप फायबरच्या कडेची आधाराची पोलादी तार इमारतीत शिरण्याआधी कापली, नाहीतर काचेची केबल घेऊन उपयोग काय. गोदामात साधा वायफाय ॲक्सेस पॉइंट, डीएचसीपी बंद.

४ जून

परवानग्या. वाचायला लॉगिन नको, म्हणून ‘पब्लिक’ला फक्त पाहण्याची मुभा. संपादकांकडून पान पुसण्याचा अधिकार काढला, बदलाचा ठेवला. जुन्या आवृत्त्या राहतात, त्यामुळे चुकीचा बदल मागे घेता येतो. क्यूआर कोड लॅमिनेट करून यंत्रांवर : ग्रेडर, सीड ट्रीटर (बीजप्रक्रिया यंत्र), बीबीएफ (रुंद वरंबा-सरी पेरणीयंत्र), रोटाव्हेटर. कोडखाली पत्ता मोठ्या अक्षरांत, कारण धूळ बसली की कोड वाचला जात नाही. वावरात वायफाय नाही. तिथे न्यायची पानं पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर.

६ जून

शेवटची चाचणी. दुपारी ३ : मेन स्विच पाडला, बाहेरून येणारं फायबर काढलं. गोदामातून तीन फोनवर ‘उगवण चाचणी’ उघडलं, शोधात ‘पऱ्हाट’ टाकून कपाशीची पानं आली, प्रिंटर इन्व्हर्टरवर लावून पान छापलं. ४.४० ला लाइन आणि फायबर परत, कोणालाही काही दाबावं लागलं नाही.

बाकी : जुन्या पत्रकांची १८ पानं, सीड ट्रीटरच्या पानाला फोटो, ८ जुलैनंतर सर्टिफिकेट नवं झालं का ते पाहणं. कपाटात शिल्लक : सीआर२०३२ दोन नग, ड्रॉप फायबर २० मीटर, मीडिया कन्व्हर्टरचा एक जादा ॲडॉप्टर.